मागनं दाव की

सांगली-तासगाव एसटीत माझी रोजची जागा ठरलेली आहे. डाव्या हाताची, खिडकीची, पुढून चौथी. माधवनगरला गाडी जरा मोकळी होते आणि बुधगावला पुन्हा भरते. त्या सोमवारी बुधगावला एक म्हातारी चढली आणि माझ्या शेजारी येऊन टेकली. डोक्यावर पदर, मांडीवर वायरची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं तर तिनं ते पोलक्यातून काढलं, पंच्याहत्तरीच्या पुढचं फुकटचं तिकीट घेतलं आणि कार्डासकट परत आत ठेवून दिलं. मी फोनमध्ये डोकं घालून बसले होते. आदल्या रात्री एक गोधडी पुरी झाल्याचा फोटो स्टेटसला ठेवला होता, तो कुणीकुणी बघितला, कोण काय म्हणालं, ते सकाळपासून चौथ्यांदा बघत होते. म्हातारी बघता बघता माझ्या खांद्यावरून आत डोकावली. "ह्ये कुणी शिवलं गं?" मी म्हटलं, मी शिवलं आज्जी. "बघू," म्हणाली आणि माझ्या हातातून फोन घेतलाच.

तिनं तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. एका ठिगळावर बोट ठेवून ते बोट शिवणीवरून न्यावं तसं तिनं काचेवरून नेलं, तर फोटो सरकून पुढचा आला, माझ्या मुलीच्या शाळेतला कुठलातरी. मी पुन्हा गोधडीवर आणून दिलं. तिनं पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "मागनं दाव की." मी काही बोलायच्या आत तिनं फोन उलटा केला. सहज. कापडाच्या दुकानात खण उलटून बघावा तसा. मागे फोनचं काळं कव्हर. त्यावर तिनं एकदा अंगठा फिरवला, मान हलवली आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला.

"बरी हाय," म्हणाली. कवलापूर आलं, ती उतरली.

या गोष्टीला आता दोन महिने होऊन गेले. तिच्या त्या 'बरी हाय'मध्ये काही खोट नव्हती. जेवढं दिसलं तेवढ्यापुरतं तिनं सांगितलं. पण मला त्या रात्री झोप आली नाही, कारण त्या गोधडीची मागची बाजू मी फोटोत मुद्दाम येऊ दिली नव्हती, आणि हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

फोटो काढायला मला अख्खी रविवारची सकाळ लागली होती. आमचं घर गावभागात, घरं एकमेकांना चिकटून, उजेड यायचा तो गच्चीवरच. गोधडीचा फोटो काढायचा तर सकाळी साडेसात ते साडेआठ हीच वेळ. ऊन तिरपं असलं की टाक्यांच्या दोन ओळींमधला भाग फुगलेला दिसतो, प्रत्येक ओळीला बारीक सावली पडते, शेतातल्या सऱ्यांसारखी. बारा वाजता तीच गोधडी नुसती रंगीत चादर वाटते. हे मला कुणी शिकवलं नाही, वाया गेलेल्या फोटोंनी शिकवलं. तर त्या सकाळी मी गच्ची झाडली, शेजारच्या काकूंना त्यांची दोरीवरची धुणी तासभर पलीकडे घ्यायला सांगितली, कठड्यावर गोधडी टाकली. एक कोपरा जरा ओढलेला होता, तो दुमडून खाली घेतला. शेजारी तुळशीची कुंडी आणली. मग वाटलं तुळस नको, जास्वंद. चाळीसेक फोटो काढले, एक ठेवला. त्या एका फोटोत ठिगळं अशी उजळून आली होती की मलाच भरून आलं. भाचीचा लहानपणीचा परकर, माझ्या नवऱ्याचा जुना चौकडीचा शर्ट, मुलीचा पहिलीतला गणवेश, ताईच्या पिवळ्या साडीचा काठ. रात्री झोपेपर्यंत 83 जणांनी बघितला. कुणी विचारलं ऑर्डर घेता का, कुणी विचारलं केवढ्याला. माझ्या वर्गातली एक मैत्रीण आता पुण्यात असते, तिनं एवढंच लिहिलं, 'वाकळ. आज्जीचा वास आला.'

मागच्या बाजूला काय होतं ते सांगते. मागे आईचं लुगडं होतं.

हिरवं इरकली, लाल काठाचं, धुऊन धुऊन साईसारखं झालेलं. नऊवारीचा पन्हा साधारण 4 फुटांचा असतो. 3 फूट लांबीचा तुकडा फाडला की तान्ह्या बाळाच्या गोधडीचा एक थर निघतो, आणि 9 वारांत असे 9 थर. जुनं सुती कापड कात्रीनं कापायचं नसतं. काठाला छोटी चीर द्यायची आणि दोन हातांनी फाडायचं, ते धाग्याच्या सरळ रेषेत फाटत जातं. तो टर्र आवाज ऐकून मी थांबले होते. आईचं म्हणून जे काही माझ्याकडे उरलं होतं ते हेच एक लुगडं, आणि ते मी माझ्या हातानं फाडत होते. 3 थर काढले, 2 आत घातले, 1 खाली अंगाला लागायला. उरलेले 6 वार घडी घालून पुन्हा ट्रंकेत ठेवले.

हाताच्या शिलाईचं एक आहे. मशीनच्या शिलाईला दोन दोरे असतात, वरचा एक आणि बॉबिनचा एक. दोन्ही कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात, म्हणून मशीनची शिलाई दोन्हीकडून सारखी दिसते. धावदोऱ्याला दोरा एकच. सुई खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते. वर जिथं टाका दिसतो तिथं खाली मोकळी जागा, आणि वर जिथं मोकळी जागा तिथं खाली टाका. वरून आपण डोळ्यांनी बघत शिवतो, त्यामुळे वरचे टाके सांभाळले जातात. खालचे टाके हातानं आपल्या मनानं घातलेले असतात. सुई कुठं तिरपी गेली, कुठं चार थरांतल्या तीनच थरांतून फिरली, कुठं कंटाळा आला आणि टाका लांबला, दोरा कुठं संपला, गाठ कुठं मारली, सगळं खाली. म्हातारीला जे बघायचं होतं ते हे होतं.

आमच्या शाळेत शिवणाचा तास असायचा. चौथीत एक रुमाल करायचा होता, चारी बाजूंनी दुमड आणि कोपऱ्यात एक फूल. मी त्या फुलावर आठ दिवस घालवले होते. बाईंनी रुमाल हातात घेतला, फुलाकडे नजरसुद्धा न टाकता उलटा केला आणि मागच्या बाजूला पेन्सिलनं तीन ठिकाणी गोल काढले. 10 पैकी 5. मी रडत घरी आले. आई ओसरीवर निवडत बसली होती. तिनंही रुमाल आधी उलटाच केला. "बाईंचं बरोबर हाय," म्हणाली. मला तिचा फार राग आला होता. त्या फुलाबद्दल तिनं एक शब्द तरी बोलावा असं मला वाटत होतं, आणि ते वाटणं आज पन्नाशीला आले तरी पुरतं गेलेलं नाही.

माझं माहेर विट्याजवळ. आमच्याकडे गोधडी कुणी म्हणायचं नाही, वाकळ म्हणायचे. सुगी आटोपली, चैत्र लागला की दुपारच्या वेळी कुणाच्या तरी ओसरीवर वाकळ पडायची. आधी खालचं लुगडं अंथरायचं, हातानं सुरकुत्या काढायच्या, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पाण्यानं भरलेला तांब्या, जे जड असेल ते ठेवायचं. त्यावर धोतरं, पटके, फाटकी पातळं, एकावर एक. मग चार बायका चार बाजूंनी बसायच्या आणि काठाकडून आत शिवत यायच्या. ओळीमागून ओळ, फेऱ्यामागून फेरा, प्रत्येक फेऱ्याला चौकोन लहान होत जायचा आणि बायका एकमेकींच्या जवळ सरकत जायच्या. शेवटाला त्या चौघींची डोकी एकमेकींना टेकतील इतकी जवळ यायची. बोलणं पण तसंच. सुरुवातीला मोठ्यानं, पीकपाणी, बाजारभाव, आणि मधल्या फेऱ्यांना आलं की आवाज उतरायचा, मग मला उठवून कुठंतरी पाणी आणायला पाठवायचे. माझं काम सुयांत दोरा ओवायचं. म्हाताऱ्यांना दिसायचं नाही, म्हणून मी एकदम दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. दोरा दीड हातापेक्षा लांब घेतला तर तो गुंततो, आणि गुंतला की ओरडा मलाच.

आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. "अंगाला काय लागतंय ते आधी बघ." खाली सगळ्यात जुनं, सगळ्यात मऊ, आणि शक्यतो सलग. वर काय ठिगळं लावायची ती लावा. वरच्या रंगसंगतीवर तिनं कधी कुणाशी वाद घातल्याचं मला आठवत नाही. खालच्या कापडासाठी मात्र ती ट्रंका उपसायची.

ते हिरवं लुगडं तिनं शेवटची दहा वर्षं नेसलेलं. ती गेली तेव्हा ताईनं बांगड्या घेतल्या, मी लुगडं मागून घेतलं, आणि ते सांगलीला आमच्या घरी तळमजल्यावरच्या ट्रंकेत राहिलं. 2019 च्या ऑगस्टपर्यंत.

पुराचं सांगलीकरांना काय सांगायचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोका, आणि त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आम्ही विश्रामबागला चुलत दिरांकडे होतो. घरी परत आलो तेव्हा दार ढकलायला तिघं लागले, आत गुडघाभर चिखल. तो वास. सडलेलं धान्य, डिझेल, ओली लाकडं आणि कुठूनतरी येणारा हळदीचा उग्र दर्प, सगळं एकात. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ. आम्ही आधी गॅसची टाकी शोधली, मग कागदपत्रं, मग भांडी. फोटोंच्या अल्बमकडे माझं लक्ष चौथ्या दिवशी गेलं. ते चिकटपानांचे जुने अल्बम, वर प्लास्टिकचा कागद. मी घाईघाईनं ते गच्चीवर उन्हात मांडले. आता कळतं की तिथंच चूक झाली. भिजलेले फोटो आधी स्वच्छ पाण्यात घालायचे असतात, पाण्यातच हळूहळू एकमेकांपासून सोडवायचे असतात आणि मग एकेक सावलीत वाळवायचा असतो. फोटोचा रंग ज्या थरात असतो तो थर पाण्यानं मऊ होतो, आणि तसाच वाळला की ज्याला लागलेला असेल त्याला धरून बसतो. मी वाळल्यावर प्लास्टिक उचललं तर माणसं प्लास्टिकबरोबर वर आली. आईचे 6 फोटो होते. सहाच्या सहा. एकात फक्त हात राहिला, बांगड्यांपर्यंत.

लुगडं मी आणि माझ्या नवऱ्यानं मिळून पिळलं. त्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं, ते उजवीकडे पिळत गेले, मी डावीकडे. पहिल्यांदा पाणी नाही, चिखलच गळला. टँकर येईल तसं चार वेळा धुतलं. पाचव्यांदा पाणी स्वच्छ निघालं, हिरवा रंग परत आला, पण एका काठापासून वीतभर आत एक मातकट रेघ राहून गेली. घडी घातलेल्या कापडात पाणी जिथं थांबलं होतं तिथं. भिंतीवर होती तशीच. सोडा लावला, लिंबू लावलं, उन्हात घातलं. ती गेली नाही. लुगड्याला मात्र काही झालं नाही, एक धागा तुटला नाही.

पूर ओसरल्यावर महिन्याभरात नातेवाइकांनी आपापले अल्बम काढले. ज्याच्या घरात जे सापडलं त्याचा मोबाइलनं फोटो काढून मला पाठवायला लागले. कुणाचं बारसं, कुणाचं लग्न, कुणाच्या घराची वास्तुशांत. त्यात आईला शोधत मी रात्र रात्र बसायची. आणि मामेभावानं एक पाठवला. त्याच्या मुंजीतली पंगत, केळीची पानं, ओळीनं बसलेली माणसं, आणि मधून वाढत जाणारी आई. पाठमोरी. अंबाडा, डाव्या हातात भाताचं पातेलं, उजवा हात पुढं झालेला, आणि तेच हिरवं लुगडं, तेव्हा नवं, कडक. तिचा म्हणून जो एकच फोटो आज माझ्या फोनमध्ये आहे तो हा.

तेव्हापासून मी शिवलेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढते आणि लगेच चार ठिकाणी पाठवते. 83 जणांच्या फोनमध्ये गेलेली गोष्ट एका ट्रंकेबरोबर बुडत नाही. काही लोक म्हणतात, हल्ली बायका केलेलं दाखवत बसतात. म्हणू देत. मला असे फोटो मनापासून आवडतात. आमच्या शाळेतल्या एक बाई क्रोशाचे रुमाल करतात, टेबलावर मोबाइल झुकवून फोटो काढतात, त्यात कधीकधी त्यांच्या चहाच्या कपाची सावली येते. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमन काका काडेपेटीच्या काड्यांची देवळं करतात, त्यांनी आमचं गणपती मंदिर केलं तेव्हा रात्री अकराला बेल वाजवून दाखवायला आणलं आणि सकाळी फोटोही पाठवला. वहिनी दिवाळीत रांगोळीचा फोटो पहाटे पाचलाच काढून ठेवते, दूधवाल्याची सायकल जायच्या आधी. बाईच्या हातचं काम बहुतेक असं असतं की ते संध्याकाळपर्यंत राहत नाही. भाकरी खाल्ली जाते, फरशी पुन्हा मळते, धुणं पुन्हा साठतं. 'झालं' असं म्हणून ज्याच्याकडे लांबून बघत उभं राहता येईल असं दिवसभरात काहीच नसतं. मग एखादी गोधडी संपते. तिच्याकडे बघत उभं राहावंसं वाटतं, आणि शेजारी कुणीतरी उभं असावंसं वाटतं. फोटो त्यासाठी.

तरी म्हातारीचा अंगठा माझ्या डोक्यातून जाईना.

मध्ये मुलीचा तंबोरा घेऊन मिरजेला गेले होते. आवाज बसका येत होता, जवारी काढून घ्यायची होती, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून घ्यायची. दर्ग्याकडे जाणाऱ्या त्या गल्लीत शिरलं की लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास नाकात बसतो. छताला भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, एकेक घागरीएवढा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या गल्लीचे फोटो सगळीकडे फिरले होते. मी कारागिरांना ते सांगितलं. ते हसले, कानशीनं घोडीचा वरचा भाग घासत राहिले. दोन वेळा घासायचं, तार लावायची, छेडायची, पुन्हा तार उतरवायची. शेवटी तारेखाली सुताचा एक बारीक दोरा घातला आणि तो कणाकणानं पुढे सरकवत नेला. एका जागी आल्यावर तार एकदम उघडली, आवाज खोलीभर पसरला आणि भोपळ्यात घुमत राहिला. दोरा केसभर पुढे नेला की गेला, मागे आणला की आला. मी विचारलं, नेमकी जागा कळते कशी? ते म्हणाले, "लोक मला फोटो पाठवतात ताई. ही सतार घेतोय, बघा बरी आहे का. मी म्हणतो, आवाज पाठवा." परतीच्या वाटेवर मी तंबोरा मांडीवर आडवा धरून बसले होते आणि मला पुन्हा तीच आठवत होती, पिशवी सांभाळत कवलापूरला उतरलेली.

त्यानंतर मी कवलापूर आलं की बाहेर बघायला लागले. थंडीचे दिवस होते, रस्त्याकडेला गाजरांचे ढीग, धुतलेली, लालभडक, पानांसकट. तिच्यासारख्या कितीतरी जणी थांब्यावर उभ्या असतात, डोक्यावर पदर, हातात वायरची पिशवी. एकदा मी गोधडीच पिशवीत घालून नेली. चार दिवस रोज नेली आणली. भेटली असती तर तिच्या मांडीवर पसरणार होते, उलटी. ती रेघ दाखवणार होते, पूर सांगणार होते. आणि मधले दोन फेरेही दाखवणार होते. मधल्या दोन फेऱ्यांना पांढरा दोरा संपला होता, रात्रीचे दहा वाजून गेले होते, घरात लाल रीळ तेवढं होतं. मला ती त्याच रात्री संपवायचीच होती. वर मध्यभागी भाचीच्या परकराचं लाल ठिगळ आहे, तिथं तो दोरा मुरून जातो. खाली हिरव्यावर मात्र तो कुणालाही दिसेल. मी मनात उत्तरं तयार करत होते आणि मला कळत होतं की चौथीतल्या त्या रुमालासारखंच मी पुन्हा कुणाच्या तरी 'बरोबर हाय'ची वाट बघते आहे. ती काही भेटली नाही. पाचव्या दिवशी गोधडी ट्रंकेवर ठेवून दिली, कारण ती द्यायची वेळ आली होती.

गोधडी भाचीच्या बाळासाठी होती. भाचीचा नवरा गलाईवाला, कोइमतूरला दुकान. आमच्या खानापूर-आटपाडीकडची निम्मी घरं अशी सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली, कोण कुठल्या गावच्या सराफ पेठेत आहे हे सांगताना म्हाताऱ्या माणसांना नकाशा तोंडपाठ होतो. ती बाळंतपणाला विट्याला आलेली, पाचवा महिना लागल्यावर परत निघाली. जायच्या आदल्या दिवशी मी जाऊन गोधडी दिली. देताना घडी अशी घातली होती की ठिगळं वर राहावीत. तिनं ती उघडलीही नाही, बाळ रडत होतं, सामान बांधायचं चाललं होतं, जावई रिक्षा बघायला गेले होते. "फोटोत बघितलीय मावशी, लई छान झालीय," म्हणाली आणि बॅगेत सगळ्यात खाली घातली. लाल दोऱ्याचं, रेघेचं, लुगडं कुणाचं याचं, काहीच सांगायचं झालं नाही. परत येताना एसटीत मी स्वतःवर चिडले होते.

परवा रात्री तिचा फोटो आला.

खोलीत अंधार होता, खिडकीतून तिकडच्या रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा उजेड. बाळ उताणं, दोन्ही हात डोक्याच्या वर, तोंड उघडं, गाढ. आणि खाली सगळं हिरवं. मी क्षणभर ओळखलंच नाही, मला वाटलं कुठलीतरी दुसरी चादर. मग काठ दिसला, लाल. तिनं खाली लिहिलं होतं, 'मावशी, वरच्या बाजूला ठिगळांच्या शिवणी आहेत ना, गालाला वळ उठतात त्याच्या. म्हणून उलटी घातली. ही बाजू इतकी मऊ कशी गं?'

मी बिछान्यात उठून बसले. दोन बोटांनी फोटो मोठा केला. पायांकडच्या बाजूला मातकट रेघ आडवी गेली होती, मळलेल्या उजेडातही दिसत होती, आणि तिच्यावर त्याची टाच. माझे टाके तिरपे, कुठं लांब, कुठं दोन एकमेकांवर चढलेले. मी बोटानं फोटो वर सरकवत नेला, त्याच्या पोटाच्या बाजूनं, काखेच्या बाजूनं. लाल फेरे त्याच्या पाठीखाली गेले होते. एका बाजूनं मात्र थोडेसे बाहेर आले होते, सात-आठ टाके असतील. मी ते मोजत बसले. मग तिला लिहायला घेतलं, 'तुझ्या आज्जीचं हिरवं लुगडं आठवतं का,' आणि त्याखाली मामेभावानं पाठवलेला तो पंगतीचा फोटो जोडला.